तिसरा रकाना

खडकी बाजारात, शिंप्याच्या दुकानावर माझा क्लास.
संध्याकाळी सात ते साडेआठ.
खाली पायमशीन चालतं, वर मी.
'फी आधी, शंका नंतर' असं दारावर लिहिलंय,
दोन्ही बाबतींत कुणी पाळत नाही.

आज फळ्यावर दोन रकाने.
डावीकडे वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस:
यांच्यापुढे टू. अजून व्हायचंय ते सगळं इथे.
उजवीकडे एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, मिस:
यांच्यापुढच्या क्रियापदाला इंग.
का, ते विचारू नका, मी म्हणते.
आज पी वन का, उद्या पी टू का, हे विचारता का पोलिसाला?
गाडी उचलली की कळतंच.

मग तिसरा रकाना, थोडा भांडखोर.
स्टॉप, रिमेंबर, फरगेट.
ही दोन्हीकडे जेवतात
आणि ज्या घरी जेवतात त्या घरासारखं बोलतात.

'मराठीत आहे की हे,' सुगंधाबाई पासलकर म्हणाल्या.
दारूगोळा कारखान्यातून गेल्या जूनमध्ये रिटायर,
पहिल्या बाकावर, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर.
'कुलूप लावायला विसरले, म्हणजे घर उघडं.
कुलूप लावल्याचं विसरले, म्हणजे घर बंद,
आणि मी होळकर पुलावरून उगाच माघारी.'

मी खडू खाली ठेवला.
बावीस वर्षं शिकवतेय.

वाक्य करा, म्हटलं. स्टॉप वापरून, प्रत्येकी एक.
दोन ऑर्डरींच्या मध्ये येऊन दाराशीच बसणारा झाकीर:
आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी.
बरोबर. चहा प्यायलास ते दिसतंय.
आयर्लंडला नर्स म्हणून निघालेली मर्सी:
आय स्टॉप्ड ईटिंग राइस.
बरोबर. तिथे जाऊन पुन्हा सुरू करशील.
सुगंधाबाई:
आय स्टॉप्ड टू टॉक टू माय सन.

लाल पेनाने टू खोडला. टॉकिंग केलं.
कारण मला ठाऊक होतं, सगळ्या आळीला ठाऊक आहे,
खोली विकली तेव्हापासून चार वर्षं
मायलेकांचं बोलणं बंद.

त्यांनी वही लांब धरली, मग जवळ.
'हे का खोडलंत?
मंगळवारी बोपोडीच्या सिग्नलला तो होता.
गाडीवर. हेल्मेट आरशाला अडकवलेलं.
केस विरळ झालेत.
मी रस्ता ओलांडत होते, मधेच थांबले.
बोलायलाच थांबले ना मी?'

आणि बोललात?

'सिग्नल सुटला.'

खाली मशीन एका लांब शिवणीवर होतं.
मी टू परत लिहिला, टॉकिंगवर काट मारली,
बाजूला सही केली, बँकेत करतात तशी.
टूच्या पोटात फक्त हेतू असतो.
पुढे काय झालं, ते दुसरं वाक्य.
ते मी कुणाला करायला सांगितलं नाही.

तेवढ्यात झाकीर: 'मॅडम, लुक फॉरवर्ड टू सीइंग यू.
टू पण आणि इंग पण? कंपनीच्या मेलमध्ये असतं.'
म्हटलं, तो टू निराळा. तो आपला 'कडे'.
भेटण्याकडे डोळे लागलेत, म्हणतो ना आपण,
त्यातला 'कडे' तो टू, 'भेटणं' ते सीइंग.
आपण कुठे 'भेटायलाकडे' म्हणतो?
मर्सी हसली. सुगंधाबाई नाही.

त्यांनी नवीन पान काढलं, वर तारीख टाकली.
'सीइंगचं स्पेलिंग?'
एस, म्हटलं. दोन ई.
मग आय, एन, जी.
'दोन ई,' त्या पुटपुटल्या
आणि दुसरा ई पहिल्याहून जरा मोठा काढला.

साडेआठ होऊन गेले होते. मशीन केव्हाच थांबलेलं.
कुणी उठेना.
झाकीर, मी म्हटलं,
अरे, कुणाची तरी बिर्याणी.